मेवातचे मेव : जमीन, कूळ आणि श्रद्धा

दिल्लीच्या दक्षिणेस अरवलीच्या अखेरच्या डोंगररांगांभोवती पसरलेल्या मेवात या प्रदेशातील मेव हा उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान शेतकऱ्यांचा एक मोठा आणि जुना समाज असून, गेल्या दीडशे वर्षांत त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यातील बराच भाग हे लोक किती मुसलमान आणि किती हिंदू या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. इंग्रज गॅझेटियरकारांनी तो प्रश्न कुतूहलाने विचारला, विसाव्या शतकातील धर्मप्रचारकांनी तो तळमळीने विचारला, आणि १९४७ मध्ये तोच प्रश्न हातात शस्त्र घेऊन विचारला गेला. मेवांनी स्वतः मात्र राज्यकर्त्यांपुढे जेव्हा जेव्हा गाऱ्हाणे नेले, तेव्हा त्यांचा विषय बहुधा शेतसारा, पाणी, सावकाराचे कर्ज आणि जमिनीचा ताबा हाच होता. या समाजाच्या श्रद्धांचा इतिहासदेखील त्याच्या शेतीपासून वेगळा काढला की अर्धा राहतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

आजच्या नकाशावर मेवात म्हणजे हरियाणातील २००५ साली स्थापन झालेला नूह जिल्हा, त्याला लागून असलेला पलवल जिल्ह्यातील हथीनचा परिसर, राजस्थानातील अलवर आणि जुन्या भरतपूर संस्थानचा काही भाग व उत्तर प्रदेशातील मथुरेकडची काही गावे. येथील डोंगर उंच नाहीत. स्थानिक लोक त्यांना ‘काला पहाड’ म्हणतात, आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून सुटणारे ओहोळ हेच पूर्वापार या मुलखाचे जलधन होते. ओहोळांच्या वाटेवर मातीचे बांध घालायचे, सखल जमिनीत पाणी पसरू द्यायचे आणि ते ओसरल्यावर उरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे, अशी ही रीत होती. अशा बुडीत जमिनीला ‘डहरी’ असे नाव असून नूहजवळचे कोटला सरोवर हे त्या व्यवस्थेचे सर्वांत मोठे उदाहरण होय. मातीचेही प्रकार शेतकऱ्यांनी बारकाईने लावलेले होते : चिकण मातीची ती ‘चिकनोट’, मऊ पोयट्याची ती ‘नरमोट’ आणि वाऱ्यावर उडणारी रेताड ती ‘भूड’. खरिपात बाजरी आणि ज्वारी, रब्बीत गहू, जव, हरभरा आणि मोहरी ही मुख्य पिके. परंतु डोंगराच्या पायथ्याची पट्टी सोडली की विहिरींचे पाणी बहुतेक ठिकाणी खारट लागते, इतके की नूहच्या आसपास एके काळी त्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा चालत असे. ज्या गावाला गोड्या पाण्याची विहीर होती ते गाव दुष्काळात तगत असे. ज्याला नव्हती त्या गावातील माणसे गुरे घेऊन बाहेर पडत. मेवातच्या राजकीय इतिहासातील पुष्कळ हालचालींमागे ही साधी गोष्ट आहे, आणि इतिहासकारांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

लिखित इतिहासात मेवांचा प्रवेश होतो तो दिल्लीच्या सुलतानांचे शत्रू म्हणून. तेराव्या शतकातील बखरकार मिन्हाज-उस-सिराज याने त्यांच्यावरील १२६० मधील मोहिमेचे वर्णन केले आहे, आणि पुढच्या शतकात झियाउद्दीन बरनी याने लिहून ठेवले आहे की मेवाती लोकांच्या भयाने दिल्लीचे पश्चिमेकडील दरवाजे दुपारच्या नमाजानंतर बंद करावे लागत. सुलतान बल्बन गादीवर आल्यावर त्याने पहिले वर्ष या लोकांच्या पारिपत्यात घालवले, दिल्लीभोवतालचे जंगल तोडविले, गोपालगीर येथे किल्ला बांधला आणि ठिकठिकाणी अफगाण शिपायांची ठाणी बसवली. दरबारी बखरकारांच्या दृष्टीने ही दरोडेखोरांना दिलेली शिक्षा होती. पण जंगल तोडले गेले, गुरांचे चराऊ रान आणि आसऱ्याची जागा गेली, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नांगर फिरू लागला, हा त्याच घटनेचा दुसरा आणि अधिक टिकाऊ परिणाम होता. डोंगरात राहून गुरे राखणारा व प्रसंगी लुटालूट करणारा समाज पुढील दोन-तीन शतकांत हळूहळू मैदानात उतरून स्थायिक शेतकरी झाला, आणि महसूल घेणाऱ्या प्रत्येक सत्तेशी त्याचा नवा तंटा सुरू झाला.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहादुर नाहर याच्यापासून मेवातवर खानजादा घराण्याची सत्ता आली. खानजादे हे राज्य करणारे मुसलमान कुळ आणि मेव हे जमीन कसणारी रयत, असा भेद दोघांनीही कटाक्षाने पाळला. या घराण्याचा हसन खान मेवाती १५२७ मध्ये खानव्याच्या रणांगणावर राणा संगाच्या बाजूने बाबराविरुद्ध लढताना मारला गेला, आणि मेवातची स्वतंत्र सत्ता तेथेच संपली. अकबराच्या काळात अलवर आणि तिजारा ही दोन सरकारे करून हा मुलूख मोगल महसुली व्यवस्थेत बसवण्यात आला. त्याच काळात धावण्यात आणि हेरगिरीत वाकबगार म्हणून मेवातच्या लोकांना बादशाही टपालाच्या कामावर घेतले जाऊ लागले. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त या ‘मेवरा’ नावाच्या हरकाऱ्यांची संख्या एक हजार दिली असून त्यांच्या चपळाईची मनमोकळी स्तुती केली आहे. ज्यांच्या धाकाने दिल्लीचे दरवाजे लागत त्यांच्याच वंशजांच्या हाती बादशहाची पत्रे सोपवली गेली.

मेव मुसलमान केव्हा झाले या प्रश्नाला एका सालाचे उत्तर नाही. त्यांच्या परंपरेत अकराव्या शतकातील सालार मसूद गाझी याचे नाव घेतले जाते. अभ्यासकांना मात्र हे स्थित्यंतर अनेक पिढ्यांत, सूफी संतांच्या, राज्यकर्त्यांच्या आणि शेजारच्या गावांच्या संपर्कातून, घडले असावे असे वाटते. महत्त्वाची गोष्ट ही की धर्म बदलला तरी समाजाची बांधणी बदलली नाही. मेव समाज बारा ‘पाल’ आणि बावन्न ‘गोत’ यांत विभागलेला आहे, शिवाय ‘पलाकडा’ नावाचा तेरावा उपपाल मानला जातो. पाल म्हणजे एका समान पूर्वजापासून आपली उत्पत्ती मानणाऱ्या आणि बहुधा सलग मुलखात वस्ती करून असलेल्या कुळांचा संघ, तर गोत म्हणजे गोत्र. छिरकलोत, डैमरोत, दुलोत यांसारखे पाल स्वतःला यदुवंशी म्हणवतात, बालोत आणि रटावत हे तंवर किंवा तोमर म्हणवतात, तर देंहगल कछवाह्यांशी नाते सांगतात. ही राजपूत वंशावळ इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा वेगळा मुद्दा. गावात जमिनीचा वाटा कोणाला मिळावा, पंचायतीत कोणी बसावे आणि भांडणात कोणाच्या मागे कोण उभे राहील, हे मात्र तिनेच ठरवले. मेवाचा जमिनीवरील हक्क त्याच्या पालातून येत असे, आणि म्हणूनच पाल टिकवणे ही त्याच्यासाठी केवळ अभिमानाची बाब नव्हती, तर निर्वाहाची होती.

विवाहाचे नियमही याच बांधणीतून निघाले. स्वतःच्या गोतात, स्वतःच्या गावात आणि जवळच्या नात्यात लग्न करायचे नाही हा दंडक मेवांनी आजपर्यंत पाळला आहे. चुलत, मामे किंवा आतेभावंडांतील विवाहाला शरीयतची मोकळीक असूनही मेवातमध्ये तो निंद्य मानला जातो. मेजर पाउलेट याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अलवर संस्थानच्या गॅझेटियरमध्ये या समाजाच्या चालीरीतींची जी नोंद आहे ती विस्तृत असून पुढील बहुतेक लेखकांनी तिचाच आधार घेतला. त्या नोंदीप्रमाणे मेवांची ग्रामदैवते शेजारच्या हिंदूंचीच होती, होळी, जन्माष्टमी, दसरा आणि दिवाळी हे सण ते पाळत, अमावास्येला शेतीचे काम बंद ठेवत, विहीर खणण्याआधी भैरव किंवा हनुमान यांचा ओटा बांधत, आणि लग्नाची तिथी ठरवणारी ‘पीली चिठ्ठी’ ब्राह्मणाकडून लिहून घेत. निकाह मात्र काझी लावत असे. पुरुषांच्या नावापुढे ‘सिंह’ लावणे सर्रास होते. मुलगा झाल्यावर विहिरीची पूजा, लग्नात कुंभाराच्या चाकाची पूजा, आणि मामाने बहिणीच्या मुलांच्या लग्नात आणावयाचा ‘भात’ नावाचा आहेर हे विधी स्त्रियांनी जपले. पाउलेटने या सगळ्याचा अर्थ असा लावला की हे नावाचेच मुसलमान आहेत. हा निष्कर्ष उतावळा होता. विहीर, अमावास्या, नांगर आणि गोत यांच्याभोवतीचे हे आचार मुख्यतः शेतकऱ्याचे आचार होते. ते शेजारच्या जाट, गुजर आणि अहीर गावांतही तसेच होते. मेवाला त्यांत विसंगती दिसत नव्हती, कारण त्याच्या लेखी मशीद आणि विहिरीकाठचा ओटा यांची कामे वेगळी होती.

या जीवनाची स्मृती लिखित ग्रंथांत कमी आणि गाणाऱ्यांच्या व वंशावळी राखणाऱ्यांच्या मुखी अधिक राहिली. ‘जग्गा’ हे वंशावळींच्या पोथ्या बाळगणारे हिंदू भाट मेवांच्या घरोघरी फिरून नव्या जन्मांची नोंद करत, आणि ‘मीरासी’ हे मुसलमान गायक लग्नकार्यात व चौपालावर कथागीते गात. दोघांनाही महाराष्ट्रातील बलुत्याप्रमाणे पिकाचा ठरलेला वाटा मिळे. मीरासींच्या संग्रहातील सर्वांत मोठी रचना म्हणजे ‘पांडून का कडा’, महाभारताची मेवाती आवृत्ती, जिचे कर्तृत्व सादुल्ला या मेव कवीकडे जाते. तोमर पाल स्वतःला अर्जुनाच्या वंशातले मानत असल्याने पांडवांची कथा ही त्यांच्या दृष्टीने कुळाचीच कथा होती. मुसलमान गायकाने मुसलमान शेतकऱ्यांसमोर पांडवांचा वनवास गावा आणि ऐकणाऱ्यांनी त्यात आपल्या पूर्वजांचे हाल ओळखावेत, हे या प्रदेशाबाहेरच्या माणसाला नवल वाटावे. मेवातमध्ये ते कित्येक पिढ्या रोजच्या परिचयाचे होते. इतर गीतांत दर्या खान मेव आणि शशबदनी मीणा यांची प्रेमकथा आहे, तशाच बादशहांविरुद्ध पालांनी दिलेल्या लढायांच्या कथाही आहेत. शैल मायाराम यांनी या मौखिक परंपरेचा आधार घेऊन मेवांचा इतिहास मांडला, तेव्हा दरबारी बखरींत केवळ उपद्रवी म्हणून येणाऱ्या लोकांचा स्वतःचा आवाज प्रथमच विद्वानांच्या लेखनात स्पष्ट ऐकू आला. संतपरंपरेतही असेच मिश्रण दिसते : सोळाव्या-सतराव्या शतकांतील लालदास हा अलवरकडील धौलीदूप गावचा, लाकडे विकून पोट भरणारा मेव. स्वतःच्या कष्टाचे खावे, भीक मागू नये आणि रामनाम घ्यावे अशी त्याची शिकवण होती, आणि शेरपूर येथील त्याच्या समाधीला हिंदू व मेव दोघेही मानत आले.

अठराव्या शतकात मोगल सत्ता ढासळल्यावर मेवात हा भरतपूरचे जाट, १७७५ मध्ये अलवर राज्याची स्थापना करणारे नरूका राजपूत, दिल्लीचे सरदार आणि मराठे यांच्या ओढाताणीचा मुलूख झाला. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेनंतर महादजी शिंदे यांना माघार घेऊन काही काळ अलवरच्या आश्रयाने राहावे लागले होते, आणि १ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा उत्तरेतील अखेरचा मोठा पराभव झाला तो अलवरजवळच्या लासवाडीच्या मैदानावर, म्हणजे मेव गावांच्या शेतांतच. मराठी इतिहासलेखनात या लढाईची चर्चा तोफखाना आणि पलटणी यांच्या अंगाने झाली आहे. ज्यांच्या उभ्या पिकांतून त्या पलटणी गेल्या त्यांचे काय झाले याकडे कोणी वळले नाही. लढाईनंतर इंग्रजांनी फिरोजपूर झिरका ही जहागीर अहमदबक्ष खान याला दिली. त्याचा मुलगा नवाब शम्सुद्दीन याला दिल्लीचा रेसिडेंट विल्यम फ्रेझर याच्या खुनाबद्दल १८३५ मध्ये फाशी झाल्यावर ती जहागीर खालसा होऊन गुडगाव जिल्ह्यात सामील झाली. येथून पुढे मेवांचे दोन भाग पडले : एक थेट इंग्रजी अमलाखाली, दुसरा अलवर आणि भरतपूर संस्थानांत.

१८५७ मध्ये गुडगावकडील मेव गावांनी सरकारी ठाण्यांवर आणि सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्यांवर हल्ले केले, आणि दिल्ली पडल्यानंतर त्या वर्षाच्या अखेरीस इंग्रजी तुकड्यांनी गावेच्या गावे जाळून व सामुदायिक फाशी देऊन त्याचा सूड घेतला. परंतु मेव शेतकऱ्याचे कंबरडे त्या सूडापेक्षा महसुली बंदोबस्ताने अधिक मोडले. बंदोबस्त म्हणजे जमिनीची प्रतवारी करून ठरावीक वर्षांसाठी रोख सारा ठरवणे. पीक बुडाले तरी सारा ठरलेलाच. १८७७ मध्ये गुडगावात वाढीव आकारणी लागू झाली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. पाठोपाठ तापाची साथ आली, गुरे मेली, आणि नूह व फिरोजपूर या तहसिलींतील जमिनी गहाणखतांच्या रूपाने सावकारांकडे जाऊ लागल्या. शेतकरी जातींची जमीन बिगरशेतकऱ्यांकडे जाऊ नये म्हणून १९०० मध्ये पंजाबसाठी कायदा करण्यात आला, त्याने विक्री काहीशी रोखली, पण कर्ज थांबवले नाही. १९२० नंतर गुडगावचा डेप्युटी कमिशनर एफ. एल. ब्रेन याने खताचे खड्डे, लोखंडी नांगर, रहाट आणि स्वच्छतेचा धडाक्याने प्रचार केला, आणि त्याचा ‘गुडगाव प्रयोग’ साऱ्या हिंदुस्थानात गाजला. नूह येथील मेव हायस्कूलला त्याचेच नाव होते. ब्रेन तळमळीचा अधिकारी होता, यात शंका नाही. मात्र शेतकऱ्याचे दारिद्र्य त्याच्या आळसातून व उधळेपणातून येते असे त्याने मानले, आणि सारा व व्याज या दोन गोष्टींना हात न लावता गाव सुधारू पाहिले. तो निघून गेल्यावर प्रयोग फारसा टिकला नाही.

१९३० च्या दशकात मेवातमध्ये दोन चळवळी जवळजवळ एकाच वेळी उभ्या राहिल्या. पहिली अलवर संस्थानात : महाराजा जयसिंह यांच्या जबर साऱ्याविरुद्ध आणि जकातींविरुद्ध १९३२ मध्ये मेवांनी करबंदी पुकारली. चौधरी यासीन खान या मेव समाजातील आरंभीच्या वकिलाने तिला संघटित रूप दिले, गोविंदगढ येथे गोळीबार झाला, इंग्रजी फौज आली आणि १९३३ मध्ये महाराजांना राज्य सोडून जावे लागले. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी तिला हिंदू राजा आणि मुसलमान प्रजा यांचा झगडा ठरवले, पण तिच्या मुळाशी साऱ्याचा दर आणि सावकारी होती. दुसरी चळवळ म्हणजे तबलीग, अर्थात धर्माचा संदेश पोहोचवणे. १९२३ च्या सुमारास आर्य समाजाने मथुरा-आग्रा भागातील मलकाना राजपुतांत शुद्धीची, म्हणजे मुसलमानांना हिंदू धर्मात घेण्याची, मोहीम हाती घेतली होती, आणि त्याच सुमारास दिल्लीतील निजामुद्दीन वस्तीतील मौलाना मुहम्मद इलियास (१८८५–१९४४) यांनी मेवातमध्ये आधी मकतब, म्हणजे प्राथमिक धर्मशिक्षणाच्या शाळा, उघडून आणि पुढे सामान्य शेतकऱ्यांच्याच टोळ्या गावोगाव पाठवून कलमा व नमाज शिकवायला आरंभ केला. ऑगस्ट १९३४ मध्ये नूह येथे भरलेल्या पंचायतीत मेव चौधरींनी हे काम करण्याची प्रतिज्ञा केली. मौलानांनी प्रतिज्ञेसाठी पंचायतीचाच, म्हणजे पालांच्या जुन्या चौकटीचाच, आधार घेतला ही त्यांची मोठी समज होती. आज जगभर पसरलेली तबलीगी जमात या खाऱ्या पाण्याच्या प्रदेशातील शेतकऱ्यांमध्ये उभी राहिली. नावातले ‘सिंह’ जाऊन ‘खान’ आले, होळी-दिवाळी मागे पडली, मीरासींच्या गाण्यांचे मोल घटले. गोत मात्र राहिले.

१९४७ च्या उन्हाळ्यापासून अलवर आणि भरतपूर संस्थानांत मेवांची जी कत्तल झाली, तीत संस्थानी फौजांचाही हात होता. हजारोंना मारण्यात आले, अनेकांचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले, आणि उरलेले गुडगावकडील छावण्यांत येऊन पडले. पुष्कळ मेव पाकिस्तानात गेले, पण बहुसंख्यांची इच्छा आपल्या गावी परतण्याची होती. १९ डिसेंबर १९४७ रोजी महात्मा गांधींनी घासेडा गावी येऊन त्यांना देश न सोडण्याची विनंती केली, आणि सहा आठवड्यांनी गांधीजींचाच खून झाला. मेवांना त्यांच्या गावी पुन्हा वसवण्याचे हे अपुरे काम पुढे नेण्यासाठी जे आले त्यांत रायगड जिल्ह्यातील गागोद्याचे विनोबा भावे होते. १९४८ मध्ये विनोबा मेवातच्या गावांत फिरले आणि परतलेल्या मेवांना त्यांची जमीन परत मिळावी यासाठी त्यांनी खटपट केली. अडचण मोठी होती, कारण त्या जमिनी दरम्यान पश्चिम पंजाबातून आलेल्या, स्वतःही सर्वस्व गमावलेल्या निर्वासितांना वाटल्या गेल्या होत्या. भूदान चळवळ १९५१ मध्ये तेलंगणात सुरू झाली, असे महाराष्ट्रात शिकवले जाते आणि ते खरेच आहे. पण जमीन गेलेल्या माणसाला जमीन मिळवून देण्याचा विनोबांचा अनुभव त्याआधी मेवातमध्ये घडला होता, हे विनोबांच्या मराठी चरित्रकारांनी अधिक ठळकपणे सांगायला हवे.

स्वातंत्र्यानंतर गुडगाव शहर काचेच्या इमारतींनी भरले आणि त्याच्याच जुन्या जिल्ह्यातील मेव तहसिली मागे राहिल्या. १९८० मध्ये मेवात विकासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. यमुनेच्या पात्रातील विहिरींतून नळाने पिण्याचे पाणी आणण्याची योजना झाली. परंतु शेतीसाठी कालव्याचे पुरेसे पाणी आणावे ही मेव शेतकऱ्यांची अनेक दशकांची मागणी अपुरीच राहिली. २०११ च्या जनगणनेत आजच्या नूह जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १०.९ लाख होती, तीत ७९ टक्के मुसलमान होते आणि दहांपैकी जवळजवळ नऊ माणसे खेड्यांत राहत होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची जी पहिली क्रमवारी लावली, तीत हाच जिल्हा तळाशी होता.

या समाजाच्या गरजांची यादी पाण्यावर आणि शाळेवर थांबवली जाते, ती थांबू नये. मेवातमध्ये पेरणीपासून कापणीपर्यंतचे, गुरांचे आणि पाणी वाहण्याचे बहुतांश काम स्त्रिया करतात, आणि त्याच स्त्रियांमधील साक्षरता २०११ मध्ये केवळ ३६.६ टक्के होती. पालाची जमीन पालातच राहावी म्हणून मुलीला शेतजमिनीत वाटा द्यायचा नाही, हा मेवांचा जुना रिवाज. १८७२ च्या पंजाब कायद्याने वारसाहक्कात रिवाजाला अग्रक्रम दिला आणि १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली, त्यामुळे शरीयतने दिलेला वाटाही तिला शेतात मिळाला नाही. आणि हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये मुलींच्या बाजूने झालेली सुधारणा तिला लागू नाही. मेवांच्या मिश्र परंपरेचे कौतुक करणाऱ्या अभ्यासकांनी आणि त्या परंपरेला शुद्ध करू पाहणाऱ्या धर्मप्रचारकांनी, दोघांनीही, हा रिवाज जसाच्या तसा राहू दिला. तो बदलण्यासाठी कायदेमंडळाने शेतजमिनीचा अपवाद काढून टाकणे आणि मेव पंचायतींनी आपण होऊन मुलीचे नाव सातबाऱ्यासारख्या जमाबंदीच्या कागदावर चढवणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.